डावीकडचं पुढचं चाक

अण्णा,

भंगारवाल्याला मी दारातून परत पाठवलं. तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले होते. तुमच्या सुधीरनं त्याला बोलावलं होतं, मला न विचारता. त्या माणसानं तुमच्या पांढऱ्या गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढच्या डाव्या चाकावर लाथ घातली आणि म्हणाला, "ह्ये फिरत न्हाय. ओढूनच न्यावं लागंल." त्या लाथेनं माझं डोकं सणकलं. म्हटलं, "जायची तर स्वतःच्या चाकांवर जाईल. तुम्ही या आता."

तो गेल्यावर तुमचा मुलगा मला म्हणाला, "चौदा महिने उभी तूच केलीस की." एवढंच बोलला आणि आत जाऊन त्यानं टीव्ही लावला. आवाज बंद ठेवून.

खरंच आहे. गाडी मीच उभी केली.

गेले कित्येक दिवस मला एका जागी बसवत नाही. कारखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा ठेवते आणि काय बघायचं होतं तेच विसरते. घरी आले की घासलेली भांडी पुन्हा घासते. तुमच्या खोलीत जाते, खिडकी उघडते, परत लावते. लोक भेटायला येतात, तुमच्याबद्दल चांगलं बोलतात. शिस्तीचा माणूस, कष्टाचा माणूस, सुनेला मुलीसारखं वागवणारा माणूस. मी मान हलवते आणि चहा टाकायच्या निमित्तानं आत उठून जाते. त्यांना माहीत नाही की शेवटचे चौदा महिने तुम्ही माझ्याशी परक्या बाईशी बोलावं तसं बोलत होता.

आव्वा गेल्यावर तुम्ही एकटे पडलात आणि शिरोळचं घर बंद करून आमच्याकडं कोल्हापूरला आलात. यायला तयार नव्हताच. यायचं कबूल केलंत तेव्हा अट घातलीत की एक दिवसाआड शेतावर जाणार, आणि आपल्या गाडीनं जाणार. सुधीर म्हणाला होता, जमीन वाट्यानं द्या आणि निवांत बसा. तुम्ही म्हणालात, "निवांत बसायला मी काय देवळातला खांब हाय व्हय?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गाडी सुरू केल्याचा आवाज आला. गाडी सुरू झाली की तुम्ही दोनदा हॉर्न वाजवायचात, गल्लीतल्या कुत्र्यांसाठी. शेजारचे जोशी वैतागायचे.

ती गाडी मी चालवायला शिकले ती तुमच्याकडून. सुधीरकडं तेवढा धीर नव्हता. तुमच्याकडंही नव्हता, पण तुमचा राग वेगळा होता. तो बाहेर पडला की संपायचा. शेताच्या गाडीवाटेवर, दोन्ही बाजूंना ऊस, आणि मधे मी स्टेअरिंग घट्ट धरून बसलेली. "क्लच सोड! हळू सोड! काय साप धरलायस व्हय पायाखाली?" मी रडकुंडीला आले की तुम्ही खिशातून शेंगा काढून पुढं धरायचात. "खा आन् परत लाव पहिला गेर." सासरी आलेल्या मुलीला सगळे जपून बोलत होते. तुम्ही पहिल्या दिवसापासून माझ्यावर ओरडलात. त्या घरात मला त्यामुळंच घरच्यासारखं वाटलं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आपलं भांडण एकच होतं, आणि ते वर्षानुवर्षं चाललं. मी शिरोलीच्या कारखान्यात ओतीव लोखंड, म्हणजे बीड, तपासते. आमच्याकडं गाड्यांच्या ब्रेकच्या डिस्क ओततात, चाकाच्या आत फिरणाऱ्या त्या जाड लोखंडी थाळ्या. तुम्ही जेवताना मुद्दाम विषय काढायचात. "तुमचं ते बीड, पूर्वीचं राहिलं न्हाय आता. आमच्या मोटेच्या चाकाचं बीड बघ, साठ वर्षं झाली." मी म्हणायचे, "अण्णा, मोटेच्या चाकाला ब्रेक लावायला लागत नाही." "लावून बघ की मग!" काय बोलत होतो कुणास ठाऊक. पण दिवस मावळायच्या आत तुमचं जेवण व्हायचं, आणि त्या वेळेला घरी पोचण्यासाठी मी कारखान्याची पहिली बस धरायचे. ते भांडण चुकू नये म्हणूनसुद्धा धरायचे.

मग तो दिवस आला. शेतावरून परत येताना मी बरोबर होते. हातकणंगल्याच्या अलीकडं, संधिप्रकाशात, पुढं उसाची ट्रॉली. मागं दिवा नाही, ऊस चार हात बाहेर आलेला. मला ती लांबूनच दिसत होती. मला वाटलं तुम्हालाही दिसते आहे. तुम्ही बोलत होता, आणि गाडी त्याच वेगानं पुढं जात होती. मी किंचाळले तेव्हा तुम्ही ब्रेक दाबलात. उसाचे शेंडे काचेवर येऊन टेकले. मग तुम्ही हसलात. "बघितलंस? शेवटी तुमच्या बिडानंच थांबवलं." मला हसू आलं नाही. तुम्ही दोन्ही हात धोतराच्या घडीत लपवलेत. ते मी पाहिलं.

त्या रात्री मी गाडीच्या दोन्ही किल्ल्या पर्समध्ये टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही चहा घेत म्हणालात, "किल्ली दिसंना."

"माझ्याकडं आहे," मी म्हटलं. "देणार नाही."

मला वाटलं होतं, तुम्ही घर डोक्यावर घ्याल. मी तयारीत होते. काय काय बोलायचं ते रात्रभर जुळवून ठेवलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढायचं, ट्रॉलीचं काढायचं, गल्लीतली पोरं खेळतात त्यांचं काढायचं. तुम्ही बशीतला चहा संपवलात, बशी कपावर पालथी ठेवलीत आणि म्हणालात, "बरं. तुम्ही म्हणाल तसं."

'तुम्ही.' लग्न होऊन आल्यापासून मला 'अगं ए' म्हणून हाक मारणारे अण्णा त्या सकाळी मला 'तुम्ही' म्हणाले. मग शेवटपर्यंत तेच राहिलं. "तुम्ही जेवून घ्या." "तुमचा फोन वाजतोय." दवाखान्यातल्या त्या शेवटच्या तीन दिवसांतसुद्धा, तोंडावर ऑक्सिजन लावलेला असताना तो बाजूला सारून म्हणालात, "तुम्ही जावा घरी. दमला असाल." सुधीर म्हणाला, बघ, किती काळजी करतात तुझी. मी बाहेर येऊन जिन्यात बसले.

किल्ली घेतल्यानंतरच्या रविवारांचं सांगायचं आहे. त्याआधी चाकाचं सांगते. रविवारांचं लिहायला अजून हात वळत नाही.

भंगारवाला गेल्यावर मी तुमच्या दस्तगीरचाचांकडं गेले. वळणावरचं त्यांचं गॅरेज मी येता-जाता रोज बघत होते, आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी तुमच्यासाठी डोळे पुसले आणि मग सरळ कामाचं विचारलं. मी सांगितलं, चाक फिरत नाही. ते म्हणाले, "पावसाळा पुरा उघड्यावर काढला तिनं. डिस्क धरली असंल हबाला." हब म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात ती मधली बैठक. मग उजवा हात खांद्यापर्यंत उचलायचा प्रयत्न करून दाखवला. तो छातीच्या वर जाईना. "हे असं झालंय ताई. सहा महिने झालं हातोडा धरला न्हाय. मी येतो, बसतो, सांगतो. मारायचं तुम्ही."

मी शनिवारची रजा टाकली.

सकाळी आठलाच चाचा आले, हत्यारांची पेटी रिक्षात घालून. मागच्या चाकांना विटा लावल्या. चाकाचे नट सुटेनात, तेव्हा मी पान्यावर चक्क उभी राहिले आणि उड्या मारल्या. जोशी गॅलरीतून बघत होते. जॅक लावला, चाक काढलं. आतली डिस्क बघून मला धक्का बसला. हजारो डिस्क माझ्या हातांखालून गेल्या असतील, राखाडी, तेलाचा वास असलेल्या, नुकत्या कातलेल्या. ही विटेच्या रंगाची झाली होती. कडेचे पापुद्रे नखानं निघत होते.

ब्रेकचे पॅड तिला चिकटून बसले होते. ते धरून ठेवणारं कॅलिपर मागच्या दोन बोल्टांवर असतं. ते सोडवता सोडवता दहा वाजले. चाचांनी ते तारेनं वर स्प्रिंगला बांधायला लावलं. "पायपावर वजन येऊ देऊ नका. ब्रेकचा जीव त्या पायपात हाय." मग डिस्क धरणारा एक बारका स्क्रू. त्याचं डोकं गंजून सपाट झालेलं. ड्रिलनं तो उडवला. आता डिस्कला धरून ठेवणारं काहीच उरलं नव्हतं, असं मला वाटलं. मी दोन्ही हातांनी ओढली. हलली नाही. पाय लावून ओढली. नाहीच.

"गंजानं धरलंय," चाचा म्हणाले. "घाई करू नका. तेल सोडा, वाट बघा."

मला वाट बघणं जमत नव्हतं. मी तारेच्या ब्रशनं हबाची कड घासली, तेल सोडलं, परत घासलं, परत सोडलं. चाचांनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि म्हणाले, "चहा करा जावा." चहा घेऊन आले तर ते तुमच्या खुर्चीवर न बसता काढलेल्या चाकावर बसले होते.

"अण्णा असंच बसायचं," ते म्हणाले. "टायरवर."

"कुठं?"

"माझ्याकडं. रोज यायचं की. तुम्ही किल्ली काढून घेतलीसा तवापास्नं. अकराला चालत यायचं, जेवणाच्या टायमाला जायचं. तुम्हास्नी ठाऊक न्हाय?"

मला ठाऊक नव्हतं, अण्णा. मी समजत होते, तुम्ही वाचनालयात पेपर वाचायला जाता. काय करायचे, म्हणून विचारलं. चाचांनी कपात बघितलं.

"बसायचं आन् तुम्हास्नी शिव्या घालायचं."

"काय म्हणायचे?"

"नको ताई. माणूस गेलाय आता."

"सांगा हो. मला ऐकायचंय."

त्यांनी माझ्याकडं एकदा नीट पाहिलं. मग तुमचाच आवाज काढून म्हणाले, "'ती भवानी! मीच तिला गाडी शिकवली, मीच डोक्यावर चढवून ठेवली, आन् माझीच किल्ली काढून घेती. मला आंधळा समजती. काय मिजास हाय बघ तिची!' एकदा म्हणालं, 'दस्तगीर, मला दुसरी किल्ली बनवून दे.'"

"मग?"

"न्हाय म्हटलं. त्यांचं डोळं मीबी बघितलतं की. मी म्हटलं, अण्णा, सून बरोबर हाय. तर आठ दिवस माझ्याकडं आलं न्हाईत. नवव्या दिवशी आलं आन् मलाबी शिव्या."

मी हसले. किती दिवसांनी कुणास ठाऊक, मला खरं हसू आलं. भवानी! माझ्या तोंडावर तुम्ही एवढे सभ्य झाला होता की मला वाटलं होतं, मी तुमच्या हिशेबातूनच गेले. आणि तुम्ही तिकडं, दोन गल्ल्या पलीकडं, टायरवर बसून मला रोज पोटभर शिव्या घालत होता, अगंतुगं करून. मला चाचांना सांगावंसं वाटलं, अजून सांगा, सगळ्या सांगा.

ते पुढं म्हणाले, सहज म्हणाले, "फक्त रविवारी यायचं न्हाईत."

"का?"

"म्हणायचं, रविवारी माझी वाट बघू नको, सून शेतावर नेणार हाय. सोमवारी मी इचारायचो, झाली काय फेरी? तर म्हणायचं, तिला काम लागलं. आता फुडच्या रविवारी."

अण्णा, आता लिहिते.

किल्ली घेतल्यावर चार दिवसांनी तुम्ही मला विचारलं होतं, "मग शेतावर कसं जायचं?" मी म्हटलं, मी नेईन, दर रविवारी. पहिले दोन रविवार नेलंही. त्यानंतर लेकीचा क्लास निघाला. मग कारखान्यात तपासणीवाले आले. मग मला कणकण होती. मग पाऊस लागला. मी दर वेळी "पुढच्या रविवारी बघू" म्हणायचे आणि तुम्ही "बरं" म्हणायचात. मग तुम्ही विचारायचं सोडलंत आणि मी सांगायचं सोडलं. मला वाटलं, विषय संपला. मला वाटलं, तुम्हाला सवय झाली.

पण तुम्ही रविवारी नऊला अंघोळ करून, पांढरी टोपी घालून पोर्चमधल्या खुर्चीत बसलेले असायचात. चपला पुसलेल्या. मला वाटायचं, जैन बस्तीत दर्शनाला जाऊन आला असाल. एका रविवारी, मला तो स्पष्ट आठवतो, मी पाच किलो मटार आणला होता. तुम्ही टोपी घालून बसलेले, आणि मी मटाराची पिशवी व पातेलं तुमच्या पुढ्यात ठेवून म्हटलं, "अण्णा, रिकामे बसलाय तर एवढा सोला की." तुम्ही टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीत आणि सगळा मटार सोललात. बारापर्यंत. गाडी तुमच्यापासून सहा हातांवर उभी होती.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि हातोडा उचलला.

चाचांनी आधी समजावलं होतं. मारायचं ते मधल्या भागावर, दोन स्टडांच्या मधे. स्टड म्हणजे चाकाचे नट ज्यांवर बसतात ते खुंट. एक ठोका मारायचा, डिस्क थोडी फिरवायची, दुसरा ठोका. स्टडाला लागता कामा नये. ते सगळं मला कळलेलं होतं. मी मारत सुटले. फिरवायचं विसरले, मोजायचं विसरले. गंज उडून डोळ्यांत जात होता, तोंडात जात होता. बीड वाकत नाही, ते तडकतं, हे मी रोज कागदावर लिहिते. मला ती तडकलेलीच हवी होती. सातव्या का आठव्या ठोक्याला हातोडा सटकला आणि थेट स्टडावर बसला.

"ए बाई!" चाचा एवढ्या जोरात ओरडले की जोशी पुन्हा गॅलरीत आले. "डोळं हाईत का बटणं? आटं मोडलं म्हंजे चाक कशावर लावतीस, माझ्या डोक्यावर? ठेव! ठेव तो हातोडा खाली!"

मी ठेवला. आणि तिथंच, त्या तेलाच्या डागावर, मांडी घालून बसले आणि रडले. तुम्ही गेलात त्या दिवशी मी रडले नव्हते. माणसांचा चहा, फोन, शिरोळहून आलेल्यांची व्यवस्था, सगळं केलं होतं. चाचा घाबरले. "ताई, तोंडातनं गेलं. म्हाताऱ्याचं मनावर घेऊ नका." मी त्यांना म्हटलं, "नाही हो चाचा. ओरडा. कुणीतरी ओरडायला पाहिजे होतं."

त्यांना काय समजलं माहीत नाही. त्यांनी खिशातला रुमाल दिला, तेलकट होता. मग वाकून स्टड बघितला. एक नट फिरवून फिरवून आटे सरळ केले, डाव्या हातानं. "वाचलं," म्हणाले. "आता मी सांगतो तसं."

डिस्कला दोन बारीक भोकं असतात, आतून आटे पाडलेली. गंजानं ती बुजली होती. मी खिळ्यानं कोरून साफ केली. त्यात दोन बोल्ट घालायचे आणि आलटून पालटून आवळत जायचं, म्हणजे ते मागं हबाला टेकून डिस्कला पुढं ढकलतात. अर्धा फेरा हा, अर्धा फेरा तो. "जोर लावू नका," चाचा म्हणत होते. "बोल्ट तुटला तर दिवस गेला." मी पान्यातून लोखंड ऐकत होते. अर्धा फेरा. थांबायचं. ब्रशनं कडेला तेल. मागच्या बाजूनं, हलक्या हातानं, एक ठोका. डिस्क फिरवायची. परत अर्धा फेरा.

दीड वाजला, अडीच वाजले. चाचांनी जेवायला नकार दिला. त्या दोन तासांत मी तुमच्याशी भांडले, अण्णा. मनातल्या मनात, पण सगळं. तुम्हाला म्हटलं, किल्ली घेतली याची माफी मी मागणार नाही. आजही घेईन. त्या ट्रॉलीखाली तुम्ही गेला असता, मी गेले असते, किंवा रस्त्यावरचं कुणी गेलं असतं. पण तुम्ही एकदा तरी म्हणायचं होतं, 'अगं ए, आज रविवार हाय, ऊठ.' टोपी घालून गप्प बसायचं नव्हतं. मटार भिरकावून द्यायचा होता माझ्या अंगावर. माझं चुकलं. माझं फार चुकलं. पण तुम्ही मला तेवढी परकी करायला नको होती की माझ्याकडं मागायचीही तुम्हाला लाज वाटावी.

चार वाजायच्या सुमाराला हातातला पाना एकदम सैल झाला. कट्ट असा आवाज आला. मला वाटलं बोल्ट गेला. चाचा म्हणाले, "मागनं मार एक." मी मारला. डिस्क सुटली, स्टडांवरून घसरली आणि फरशीवर पडली ती माझ्या पायापासून वीतभर अंतरावर.

"निघाली!" चाचा दोन्ही हात वर करायला गेले, एकच वर गेला.

आवाज ऐकून सुधीर बाहेर आला. दिवसभर तो फिरकला नव्हता. त्यानं पडलेली डिस्क बघितली, माझे हात बघितले. दोन बोटांची सालं निघाली होती. त्यानं डिस्क उचलून भिंतीच्या कडेला ठेवली, बाही वर केली, ब्रश घेतला आणि उकिडवा बसून हबावरचा गंज घासायला लागला. बराच वेळ घासत होता. मग मान वर न करता म्हणाला, "मला ती रोज दारात बघवत नव्हती, वैशू. म्हणून बोलावलं त्याला." मी म्हटलं, "माहीत आहे." मी त्याच्या शेजारी बसले. दुसरा ब्रश नव्हता.

उजवीकडची डिस्क दोन ठोक्यांत निघाली. का, ते चाचांनाही सांगता आलं नाही.

नव्या डिस्क बसवणं, ब्रेकचं तेल बदलणं, बॅटरी, टायरमधली हवा, यात पुढचा आठवडा गेला. दुसऱ्या रविवारी मी सकाळी सातला गाडी काढली. सुधीरला म्हटलं, चल. तो म्हणाला, "तू जा. मला अजून जमणार नाही." हातकणंगल्याच्या पुढं मी रस्ता रिकामा बघून दोनदा जोरात ब्रेक दाबले. गाडी जिथल्या तिथं थांबली. उगीचच बाजूच्या सीटकडं बघितलं.

शेतावर गाडीवाटेला वळले आणि मला कळेना, आपला बांध कुठला. ऊस तुटून गेलेला, सगळी रानं सारखीच उघडी. एवढ्या वर्षांत मी दर वेळी तुमच्या मागं मागं चालले होते. मी गाडी थांबवून उतरले. पाण्याच्या पाटाजवळून एक माणूस खोरं खांद्यावर टाकून आला आणि लांबूनच ओरडला, "कुणाकडं आलाय, पावणं?"

तो भूपाल होता. तुमच्या शेजारचं रान त्याचं, आणि तुम्ही येईनासे झाल्यावर तुमच्या उसालाही पाणी तोच पाजत होता. त्याचं नाव मी तुमच्या फोनवरच्या बोलण्यात शेकडो वेळा ऐकलं असेल, चेहरा आज पाहिला. मी म्हटलं, "अण्णांची सून मी. वैशाली."

त्यानं खोरं खाली ठेवलं. मग म्हणाला, "बरं झालं आलासा. मी कुणाला इचारू हेच मला कळंना झालतं." आणि बांधावरून पुढं चालायला लागला. मी त्याच्या मागून. ह्या खुणेपासून त्या शेवग्यापर्यंत आपलं रान, त्यानं हातानं दाखवलं. उसाच्या तोडलेल्या बुंध्यांना पोपटी कोंब फुटले होते, कुठं दाट, कुठं अजिबात नाहीत.

"आता सांगा," भूपाल म्हणाला. "ह्येच फुटवं राखून खोडवा घ्यायचा, का सगळं मोडून नवी लागण करायची? ह्या आठवड्यात ठरवाय पायजे. सुधीरदादास्नी फोन केलता, ते म्हणालं तुम्हीच बघा. पर रान माझं न्हाय. अण्णा दर साली स्वतः फिरून ठरवायचं."

"कसं ठरवायचे?"

"सरीत उतरायचं. ह्या टोकापास्नं त्या टोकापातूर. किती बुंधं मेल्यात, किती जगल्यात, बोटानं चाचपून बघायचं. वरनं कळत न्हाय."

"मला नाही येत, भूपालदादा."

"मग शिका की!" तो ओरडलाच. ऊन चढत होतं, त्याचं पाणी पाटात तुंबलं होतं, त्याला वेळ नव्हता. "तुम्ही न्हाई बघायचं तर कुणी बघायचं?"

अण्णा, मी चपला बांधावर काढल्या, ओढणी कमरेला खोचली आणि पहिल्या सरीत उतरले. जमीन गार होती. पहिला बुंधा चाचपला. तो जिवंत होता की मेलेला, मला सांगता आलं नाही. मी भूपालला हाक मारून विचारलं.